.३०८ मध्ये हरीण आणि रानडुक्कर, दोन्हींना एकच गोळी?

रानवाटा: टेक्सास, हिल कंट्री. रायफल .३०८ विंचेस्टर, अंतर ५० ते १५० यार्ड. दुकानात १५० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), १६५ ग्रेन बाँडेड आणि १५० ग्रेन अख्ख्या तांब्याची, अशा तीन मिळतात. दोन्ही जनावरांना एकच काडतूस ठेवायचंय. कोणतं घेऊ?

नळी_आणि_नेम: १६५ बाँडेड. इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण अंगाने लहान, बरगड्या पातळ. त्याला साधी सॉफ्ट पॉइंट पुरून उरते. अडचण डुकराची. जून नराच्या खांद्यावर चामड्याखाली चिवट कुर्चेची ढाल असते. पटकन फुटणारी गोळी तिथेच विखुरते आणि जनावर जखमी होऊन झाडीत शिरतं. बाँडेडमध्ये शिसं तांब्याच्या कवचाला सांधलेलं असतं, त्यामुळे गोळी अळंबीसारखी उमलली तरी वजन टिकवून आत जाते. आरपार जाणं महत्त्वाचं, कारण डुकराची चरबी भोक बुजवते. पलीकडे भोक नसेल तर रक्ताचा माग सापडत नाही.

सरावाची स्वस्त फुल मेटल जॅकेट (टोकापर्यंत धातूचं कवच असलेली गोळी) शिकारीला अजिबात नेऊ नका. ती उमलत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते. जनावराचे हाल होतात.

सुगरण_डॅलस: मांस घरी खाणार असाल तर माझं मत तांब्याला. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब, डोळ्यांना दिसणार नाहीत असे पसरतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं बंदच आहे. तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. १६५ ऐवजी १५० घ्या. मात्र उमलायला तिला वेग लागतो, फार लांबून मारू नका.

रानवाटा: आणि नेम दोघांना सारखाच, खांद्याच्या मागे?

नळी_आणि_नेम: नाही, चूक होते ती इथेच. डुकराचं हृदय हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं. हरणासारखा मागे नेम धरलात तर गोळी पोटात जाईल. आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या रेषेत, खालच्या तिसऱ्या हिश्शात धरा. गोळी बदललीत की कागदावर पुन्हा शून्य करा (गोळी नेमावरच लागेल असं जुळवून घ्या): १०० यार्डांवर तीन-तीनचे दोन गट. वजन तेच असलं तरी गोळी लागण्याची जागा सरकते.

कायद्याचं_बघा: एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर आधी शिकारीचं वैध लायसन्स. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे; लायसन्स हा त्यातला अपवाद. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुकराला लायसन्स लागत नाही, पण त्यावर विसंबून तुम्ही रायफल उचलू नका.