मदत हवी आहे: व्हॅलोरंट या शूटिंग गेममध्ये एम (नेम) सुधारला, पण ओमेन या एजंटचे (कॅरेक्टरचे) स्मोक, म्हणजे समोरच्यांची नजर अडवणारे धुराचे गोळे, वाया जातायत

गोल्ड २ रँकला अडकलोय. मुंबई सर्व्हर, आम्ही दोघंच ओळखीचे, बाकी तिघं रँडम. रोज अर्धा तास डेथमॅच (सगळे एकमेकांविरुद्ध, नुसता गोळीबाराचा मोड) करून एम बरा झालाय, व्हँडल बंदुकीने हेडशॉट बसतात, पण तिथे अ‍ॅबिलिटी (स्मोकसारख्या खास शक्ती) वापरताच येत नाहीत ना, मग खऱ्या मॅचमध्ये घोळ. परवा असेंट मॅपवर ए साइटला (हल्ल्याची एक जागा) शिरायला हेवन आणि ट्री या कोपऱ्यांवर स्मोक टाकले, टीम आत शिरेपर्यंत स्मोकचे १५ सेकंद संपलेसुद्धा! कस्टम मॅचमध्ये एकट्याने स्मोकच्या जागा पाठ केल्या, उपयोग शून्य. माइकवर सांगून पाहिलं, रँडम ऐकतात थोडेच. एजंट बदलायचा नाहीये, वेळ दिवसाला तासभरच. तर स्मोक टाकून मीही लगेच आत घुसायचं की पुढच्या स्मोकसाठी मागे जीव वाचवून थांबायचं, आणि हे ठरवायचं कशावरून?