ओल कुणाची? गावाची, दरबाराची की मांत्रिकाची?

चिंचोका
आमच्या खेळातल्या घरगुती जगात परवा एका गावावर उपाशी राहायची वेळ आली. त्यावरून टेबलावर जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. म्हणून इथे मांडतो.

खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र होऊन कल्पनेतल्या जगात खेळायचा खेळ. जग माझं. नाव सातबंधारे. सावळी नावाची नदी, तिच्यावर सात बंधारे, आणि पाण्याबरोबर जमिनीत मुरणारी 'ओल', म्हणजे जादूची शक्ती. पहिल्या-दुसऱ्या पातळीचे मंत्र ज्याचे त्याने खेळाच्या पुस्तकातल्या नियमाने वापरावेत. तिसऱ्या पातळीपासून पुढचे मात्र गावाच्या साठ्यातून. त्या साठ्यासाठी मी टेबलावर पितळेची वाटी ठेवतो आणि तीत हंगामाचे बारा चिंचोके टाकतो. कोणी कशासाठी उचलायचे ते पंच ठरवतात, कुलकर्णी वहीत लिहितो. कल्पना खानदेशातल्या फड पद्धतीवरून, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटायच्या जुन्या रीतीवरून घेतली आहे.

गेल्या सेशनला वाटीत चारच उरले होते. रात्री दरोडेखोर आले. आमच्या मांत्रिकाने पंचांना न विचारता चारही उचलले आणि अग्निगोल टाकले. दरोडेखोर मेले, पण ते चिंचोके पेरणीसाठी राखलेले होते. पुस्तकात अग्निगोल आणि पिकवाढीचा मंत्र दोन्ही तिसऱ्याच पातळीचे आहेत. एक सहा सेकंदांत वीस फूट त्रिज्येतलं सगळं जाळतो. दुसरा आठ तास बसून म्हटला, तर अर्धा मैल त्रिज्येतली, म्हणजे सुमारे 500 एकर जमीन वर्षभर दुप्पट पिकते.

माझं मत सरळ आहे. जादू गावाची, मांत्रिक फक्त ती हाताळणारा. तुम्ही सांगा.

अग्निशिखा
तो मांत्रिक माझा. दादा, दरोडेखोर वेशीच्या आत आले होते आणि पंच झोपलेले होते, हे तू लिहिलं नाहीस. त्यांना उठवून, चावडीवर बसवून, परवानगी मिळेपर्यंत कुंभारवाडा जळून गेला असता. तिथे तूच उभी केलेली ती आजी होती, भट्टीच्या आडोशाला दोन नातवंडांना घेऊन बसलेली. मी त्यांच्यासाठी चिंचोके उचलले आणि पुन्हा तशी वेळ आली तरी उचलेन.

बंधन घालायचं तर कृत्यावर घाला, शक्तीवर नको. आपल्याकडचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाच बघ. तो कुणाची श्रद्धा तपासायला जात नाही, अनुसूचीतली ठरावीक कृत्यं केली तर शिक्षा देतो. माझ्या मांत्रिकाने निरपराध माणूस जाळला तर द्या त्याला फाशी. पण आधीच हात बांधून ठेवायचे आणि मग गाव वाचव म्हणायचं, हे मला पटत नाही.

वेताळटेकडी
दोघांशीही असहमत. पंचांकडे मांत्रिकाला अडवायला आहे काय? समोरच्याला भुरळ घालायचा मंत्र पहिल्या पातळीचा, म्हणजे तुमच्या वाटीच्या बाहेरचा. तो पंचांवरच टाकला तर? तासाभराने मंत्र उतरल्यावर त्यांना कळेल हे खरं, पण तोवर वहीत नोंद झालेली असेल आणि चिंचोके उचललेले असतील.

म्हणून दरबाराची सनद हवी. सनदेत मांत्रिकाचं नाव, त्याला कोणते मंत्र मोकळे, कोणते बंद, आणि जामीन कोण, हे सगळं लिहिलेलं असावं. भुरळ घातल्याचं सिद्ध झालं तर सनद जप्त. गाव मांत्रिकाच्या शेजारी राहतं, त्याला घाबरतं, त्याच्या नात्यातलं असतं. दरबार लांब असतो, म्हणूनच त्याला मांत्रिकावर हात टाकता येतो.

मोडीवाचक
सिद्ध कोण करणार? सत्य बोलायला लावणारं वलय आखायचा मंत्र दुसऱ्या पातळीचा आहे, पण वलयातल्या कुणावर तो लागू पडला नि कुणावर नाही, हे फक्त मंत्र टाकणाऱ्यालाच कळतं. म्हणजे मांत्रिकाच्या खटल्यात निकाल दुसऱ्या मांत्रिकाच्या तोंडून येणार. बाकी दरबाराने नुसतं ऐकायचं.

जुन्या दक्खनेत रवादिव्य असे. तापलेल्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर, आणि ती पुढे सगळ्यांदेखत उघडायची. रीत क्रूर होती आणि ती परत यावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण तो हात अख्ख्या गोताला, म्हणजे निवाड्याला जमलेल्या गावसभेला दिसायचा. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे निकालाच्या कागदावर, पाटलाच्या नांगराची निशाणी असे आणि बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्या असत. लिहिता न येणारा माणूसही साक्षीला असे. तुमच्या सनदेच्या चौकशीत तो कुठे बसतो ते दाखवा.

शेपटाकडचा
मी पांझरेच्या खोऱ्यातला, म्हणून फडाबद्दल दोन शब्द. लोकांना वाटतं फड म्हणजे पाणी वाटून घेणं. खरी गोम टंचाईत आहे. शिवाराचे फड पाडलेले असतात, एका फडात एकच पीक, आणि पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा असं आधीच ठरतं. शेतकरी आपल्या हाताने बारं फोडत नाही, पाटकरी पाणी देतो. ज्याच्या हातात फावडं त्याने स्वतःसाठी पाणी वळवायचं नाही.

आमचं शेत चारीच्या अगदी शेपटाला आहे. वरच्यांनी रात्री मोटारी टाकल्या की सकाळी आमच्याकडे पाणी येत नाही, चारीच्या तळाला पायाचा ठसा उमटेल एवढा चिखल येतो. प्रत्येक वरच्याकडे कारण असतं, आणि ते खरंही असतं. कुणाचं पीक करपत असतं, कुणाच्या घरात लग्न असतं. अग्निशिखाताई, तुमचं कारण तर त्याहून मोठं होतं. तरी पेरणी गेलीच ना?

गावकुसाबाहेर
मला एक विचारायचं आहे. कुलकर्ण्याच्या त्या वहीत नावं कुणाची आहेत?

फडात पाणी मिळायचं ते जमिनीला. जमीन नसलेल्याला पाळी कुठून येणार? गावाची सत्ता म्हटलं की तुम्हाला वाटी आणि चिंचोके दिसतात, मला वतन दिसतं. महारवतनात गावाची नि सरकारची पडेल ती कामं होती आणि मोबदल्याला तुटपुंजी जमीन. ती गुलामी 1874 च्या वतन कायद्याने पक्की केली. बाबासाहेबांनी 1928 साली दुरुस्तीचं विधेयक आणलं, आणि वतनं खालसा व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. उद्या तुमच्या जगात ओल काढायचं कष्टाचं काम एका जातीचं आणि चिंचोके उचलायचा मान दुसऱ्या जातीचा, असं झालं तर आश्चर्य वाटायला नको. जग घरी बनवलं की घरातलं सगळं त्यात उतरतं.

आणि सनदवाल्यांनाही सांगते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव 1923 चा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव 1924 चा. कागद दोन्ही पक्के होते. तरी पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, हजारो माणसं चालत गेली, आणि त्यानंतर त्यांच्यावर लाठ्या पडल्या. लांबच्या दरबारात कागद निघतो, तळ्याच्या काठावर गावच उभं असतं.

वेताळटेकडी
महाडचा मुद्दा मान्य. पण तो ठराव नसता तर बोट कशावर ठेवलं असतं? कागद पुरेसा नाही, कागदाशिवाय मात्र काहीच नाही. मी सनद सोडणार नाही. फक्त ती गावातल्या बिनजमिनीच्या माणसालाही थेट दरबारातून मिळावी, पाटलाच्या शिफारशीशिवाय, एवढी भर घालतो.

शेपटाकडचा
गावकुसाबाहेर यांच्या प्रश्नाला आपल्याकडे एक करून दाखवलेलं उत्तर आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. डोई अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हिस्सा. आणि उसाला बंदी, कारण एकाचा ऊस दहा जणांची ज्वारी पितो.

तुमच्या जगातला ऊस कोणता ते शोधा. मला तरी तो सातव्या पातळीचा मंत्र वाटतो, ज्याने एक दिवसापुरता महाल उभा राहतो, शंभर नोकर आणि शंभर जणांचं जेवण असलेला. वरच्या बंधाऱ्याच्या देशमुखाने तो लेकीच्या लग्नाला लावला, तर खालच्या किती वाट्या रिकाम्या होतील?

चिंचोका
वही काढून बसलो. 41 कुटुंबं लिहिली आहेत, सगळी जमीनवाली. कुंभारवाडा नाही. वेशीबाहेरची वस्ती नाही. मुद्दाम वगळली नव्हती, लिहिताना ती डोळ्यांसमोर आलीच नाहीत, आणि हे सांगताना मला वाईट वाटतंय.

पुढच्या सेशनपासून चिंचोके डोई मोजून. महालाचा मंत्र सातही बंधाऱ्यांच्या संमतीशिवाय बंद. सनदेचं अजून ठरत नाही, कारण मोडीवाचकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण चार चिंचोके न विचारता उचलणं चूक होतं, यावर मी ठाम आहे.

अग्निशिखा
मग हेही लिहून ठेव. पेरणीचा मंत्र त्या 500 एकरांवर पडला असता आणि त्यातला एक वाफाही आजीचा नव्हता. तिला तुझ्या वाटीतून हंगामभरात जे काही मिळालं, ते मी न विचारता उचललेल्या त्या चार चिंचोक्यांतून मिळालं. तुझा नियम मी मोडला, पण त्या नियमात ती नव्हतीच.

डोई मोजणार असशील तर मी पाळी पाळीन. फक्त दोन चिंचोके वाटीबाहेर ठेव, रात्रीच्या वेळेसाठी, आणि ते उचलल्यावर सकाळी चावडीवर येऊन जाब द्यायला माझा मांत्रिक तयार आहे. मोजणी आजीच्या घरापासून सुरू कर. तिची नातवंडं धरून तीन.