गियोम मुसो वाचायचाय, सुरुवात कुठून करू?

फोंडावाली: पणजीत फ्रेंचचा बी-1 (मध्यम पातळीचा) वर्ग संपत आलाय. फ्रेंच कादंबरीकार गियोम मुसोचं नाव सारखं कानावर येतं. क्रमाने वाचावं म्हणून 2001चं 'स्किदामारिंक' आधी घ्यावं का? आणि एवढा खपणारा लेखक गोंकूर या फ्रेंच साहित्य पुरस्काराच्या चर्चेत कसा नसतो?

मांडवीकाठ: क्रमाने नको. 'स्किदामारिंक' ही त्याची पहिली कादंबरी, मोनालिसाच्या चित्राच्या तुकड्यांभोवती फिरणारी, ती तेव्हा फारशी चालली नाही. गाडी सुटली 2004च्या 'ए आप्रे'ने, तोवर मुसो अर्थशास्त्र शिकवायचा. मग जवळजवळ दर वर्षी एक पुस्तक. आधी प्रेमकथेला अलौकिकाची फोडणी, नंतर हळूहळू निव्वळ रहस्य. 2011पासून कित्येक वर्षं सलग फ्रान्समधला सर्वाधिक खपाचा कादंबरीकार तोच.

गोंकूरचं गणित वेगळं. पहिली यादी सप्टेंबरात, निकाल नोव्हेंबरच्या सुरुवातीला. याची पुस्तकं मात्र बरीच वर्षं वसंतात, म्हणजे यादीच्या कितीतरी आधी यायची. खरं कारण तेही नाही म्हणा. परीक्षकांना शैलीचा प्रयोग हवा असतो, याला वाचकाने पान उलटायला हवं असतं. (गोंकूरची रक्कम फक्त 10 युरो! पण पुस्तकाला लाल पट्टी लागली की खप उसळतो.)

बी-1ला 2018चं 'ला जन फिय ए ला न्वी' घ्या. 1992च्या हिवाळ्यात शाळेतली एक मुलगी गायब होते, 25 वर्षांनी जुने मित्र परत जमतात. कथा मुसोच्या जन्मगावी, आंतीबच्या परिसरात घडते.

डिचोलीकर: अडखळायला होतं ते शब्दांनी नव्हे, काळाने. वर्गात पासे कोंपोझे (बोलण्यातला भूतकाळ) घोटून घेतात आणि कादंबऱ्यांचं निवेदन बहुतेक वेळा पासे सँप्ल (लेखी भूतकाळ) मध्ये. सगळी रूपं पाठ करू नका. तृतीय पुरुष ओळखता आला की पुरे. 'असणे'चं फ्यू, 'करणे'चं फी, 'येणे'चं व्हँ ही अनियमित रूपं तेवढी वहीत लिहून ठेवा. 'ईल व्ही' दिसलं की थांबा: 'त्याने पाहिलं' की 'तो जगतो', हे आजूबाजूच्या वाक्यावरूनच कळतं. आणि प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका, तिसऱ्या पानावर पुस्तक मिटेल.

पर्वरी_पुस्तकं: मागवताना तीन घोटाळे होतात. एक, वालाँतँ मुसो हा धाकटा भाऊ, तोही रहस्यकथा लिहितो. नुसतं आडनाव टाकलं तर त्याची पुस्तकं गळ्यात पडतात. दोन, वर सुचवलेलं पुस्तक इंग्रजीत 'द रीयुनियन' नावाने आहे, वेगळं समजून दोनदा घेऊ नका. तीन, 2018मध्ये मुसो एक्सओ हे प्रकाशन सोडून कालमान-लेव्ही या प्रकाशनाकडे गेला. म्हणून स्वस्त आवृत्त्या शोधताना त्याआधीची पुस्तकं 'पॉकेट' या मालिकेत बघा, नंतरची 'लिव्र द पॉश'मध्ये.

फ्रान्समधून कुणी येणार असेल तर दुकानं पालथी घालायला लावू नका. 1981च्या कायद्याने नव्या पुस्तकावर 5 टक्क्यांपेक्षा जास्त सूट देता येत नाही, सुपरमार्केटलाही.

फोंडावाली: 'पॉश' म्हणजे खिसाच ना? मग मडगाव बसमध्ये वाचायला बरं. धाकट्या मुसोला चुकवून मागवते.