१८-५५ नंतर पहिली लेन्स कोणती? (तालमीचे फोटो)

तिसरीघंटा:
नमस्कार मंडळी. कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत आलेली १८-५५ मिमी झूम लेन्स (किट लेन्स). उन्हात तिच्याबद्दल काही तक्रार नाही, घोडं अडतंय ते तालमीत. आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे. मी नट नाही, प्रॉम्प्टर. हातात वही आणि दोन प्रवेशांच्या मध्ये रिकामा वेळ, म्हणून फोटोंचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. हॉलच्या छताला चार पिवळट दिवे. मी साधारण चार मीटरवर बसतो. फ्लॅश एकदाच मारला होता. दिग्दर्शिकेनं ज्या नजरेनं पाहिलं त्यानंतर पुन्हा धाडस नाही झालं.

परवाचा एक फोटो: ५५ मिमी, एफ ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितका उजेड जास्त), १/३० सेकंद, आयएसओ ६४०० (सेन्सरची संवेदनशीलता). चेहरा बरा, हात म्हणजे पंख्याची पाती. कुणीतरी म्हणालं ट्रायपॉड घे. घेतला. आता मागच्या भिंतीवरचा खिळासुद्धा रेखीव येतो, नट तेवढा धुरासारखा.

डोळ्यासमोर तीन लेन्स आहेत: १८-१४०, ५० मिमी एफ १.८ आणि सिग्माची १७-५० एफ २.८. एकच घेणार आहे. काय करू?

निवांत:
१८-१४० बाद. लांबच्या टोकाला तीही ५.६ च. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, नटाचा हात थांबवत नाही. ट्रायपॉडनं तुम्हाला तेच सांगितलं.

खटपट्या:
निवांत यांच्याशी सहमत. उरलेल्या दोनचा हिशोब तुमच्याच फोटोवर मांडू.

एफ ५.६ वरून २.८ वर आलात की उजेड चौपट, म्हणजे १/३० च्या जागी साधारण १/१२५. एफ २ वर आठपट, १/२५०. तालमीत हातवारे थांबवायला १/२५० पुष्कळ झालं. शांत प्रवेश असेल तर १/१२५ ठेवून आयएसओ ३२०० वर उतरवता येईल, दाणे कमी दिसतील. इथवर ५० मिमी जिंकते.

पण तुम्ही बसता चार मीटरवर. तुमच्या सेन्सरवर ५० मिमीतून तिथं जेमतेम १.९ मीटर रुंदी मावते, आणि आडव्या फोटोत उंची सव्वा मीटर. उभा माणूस गुडघ्याच्या वर कापला जाणार. ३५ मिमीतून रुंदी २.७ मीटर मिळते. बोलणारा आणि ऐकणारा दोघं एका चौकटीत! नाटकात मला तरी ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, फोकसची खोली. ५० मिमी, एफ १.८, चार मीटर: जेमतेम ४५ सेंटीमीटर पट्टा धारदार. एक पात्र दुसऱ्याच्या मीटरभर मागे उभं असेल तर त्यातलं एक गेलंच. ३५ मिमीवर हाच पट्टा मीटरभराच्या जवळ जातो. तुमच्या यादीत ३५ मिमी एफ १.८ डीएक्स (तुमच्या सेन्सरच्या मापाची) नाही, ती घाला. आणि घ्यायच्या आधी एक करा: १८-५५ ची झूम रिंग ३५ वर आणून चिकटपट्टी लावा आणि एक अख्खी तालीम तशीच काढा. फोटो हललेलेच येतील, ते सोडा. चौकटीत काय मावतं आणि तुमची चिडचिड कुठे होते ते बघा.

धुकट:
मी विरुद्ध पार्टीचा. प्रॉम्प्टर जागेवरून उठू शकत नाही हो! प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सवाले ‘पायांनी झूम करा’ म्हणतात, इथं पाय बांधलेले आहेत. १७-५० घेतली की समूहदृश्य १७ वर, एकटा नट ५० वर, आणि २.८ सगळीकडे. १/१२५ वर काही हात हलतील, हलू देत. वजनदार आहे एवढं मात्र खरं.

काहीही घ्या, पण सेकंडहँड घेताना लेन्सच्या आत मोटर आहे ना ते बघा. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. मी अशाच एका बॉडीसाठी जुनी ५० मिमी एएफ-डी (आत मोटर नसलेली) हौसेनं आणली आणि घरी येऊन अर्धा तास बटण दाबत बसलो. लेन्स बिघडलेली नव्हती, मीच नावातली अक्षरं वाचली नव्हती. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं, सिग्मा असेल तर एचएसएम.

तिसरीघंटा:
चिकटपट्टी लावली. शिवाय जुने २१२ फोटो उघडून कोणता किती मिमीवर काढलाय ते वहीत मांडलं. १४० च्या आसपास ३० ते ४० मध्ये. मला वाटायचं मी कायम ५५ वरच असतो! १८ च्या जवळचे फक्त ११, तेही बहुतेक चहाच्या सुट्टीतले ग्रुप फोटो.

पट्टीवाल्या तालमीत चिडचिड दोनदाच झाली: एकदा सगळे एकत्र गाताना आणि एकदा नायिकेच्या डोळ्यात खरंच पाणी आलं तेव्हा. पहिल्यासाठी किट लेन्स पिशवीत आहेच. दुसऱ्यासाठी फोटो कापून घेईन, २४ मेगापिक्सेल आहेत कशाला.

३५ मिमी ठरली. धुकट, तुमचं पटत होतं, पण १/१२५ वर आमच्या खलनायकाचे हात थांबणार नाहीत, त्याला मी ओळखतो.

खटपट्या:
छान. सुरुवात एफ १.८ ऐवजी २.२ वर करा, पट्टा थोडा रुंद मिळेल. फोकस पॉइंट कॅमेऱ्याला निवडू देऊ नका, तो अंधारात हमखास मागचा पडदा पकडतो. एकच पॉइंट घ्या, शक्यतो मधल्या ९ पैकी. ते क्रॉस-टाइप आहेत, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडतात, त्यामुळे कमी उजेडात कमी चाचपडतात. आणि मेनूत जाऊन एएफ असिस्टचा (अंधारात फोकसला मदत करणारा) दिवा बंद करा. फ्लॅशवर जी नजर मिळाली ना, तीच त्या दिव्यावर मिळेल.