रक्त नुसतं तपासायचं का? निर्जंतुक का करत नाहीत?

पेठेतला: परवा तालमीच्या शिबिरात रक्त दिलं. पडल्या पडल्या विचारलं, पिशवीतले जंतू मारता का? टेक्निशियन म्हणाला, मारत नाही, तपासतो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. मग सहावं काही निघालं तर? घरच्या पाण्याला आपण यूव्ही लावतोय की! रक्तालाही सक्ती करा.

लॅबवाली: भावा, पाण्यातनं उजेड आरपार जातो. रक्तात हिमोग्लोबिनच तो गिळतं. प्लाझ्मा-प्लेटलेटला जमतं: पिशवीत अमोटोसॅलेन (उजेडानं चेतणारं रसायन) नाहीतर रायबोफ्लेविन (म्हणजे बी-२ जीवनसत्त्वच) घालायचं आणि वर यूव्ही सोडायचा. जंतूचा डीएनए-आरएनए निकामी होतो, मग तो वाढत नाही. प्लेटलेटला डीएनए ठेवणारं केंद्रकच नाही, म्हणून ती तगते. तरी थोड्या वाया जातातच. आणि हेपॅटायटिस ए, पार्व्होसारखे चिवट विषाणू यातूनही सुटू शकतात.

पेठेतला: घानात अख्ख्या रक्तावर केलंय की. 2016 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. मलेरियाचं रक्त चढलेल्यांत, प्रक्रिया केलेलं मिळालं त्या 28 पैकी एकालाच लागण. न केलेलं मिळालं त्या 37 पैकी आठ जणांना.

लॅबवाली: चाचणी होती ती. लाल पेशींसाठी रोजच्या वापरात अजून काही आलेलं नाही.

एक आई: माझ्या लेकाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी पिशवी, आणि त्याला लागतात लाल पेशीच. तुमचा यूव्ही त्याच्या काय कामाचा? पैसा असेल तर आधी सगळीकडे नॅट (थेट विषाणूचा डीएनए-आरएनए शोधणारी चाचणी) करा. एचआयव्ही नुकताच लागलेला असला तर साध्या एलायझात (नेहमीच्या रक्तचाचणीत) दोन-तीन आठवडे सापडत नाही, नॅटमध्ये साधारण अकरा दिवसांत सापडतो. आपल्याकडे ती सक्तीची नाही. दर वेळी मीच विचारते, "नॅट झालंय का?" समोरचा माझ्याकडे असा बघतो, जणू मी उधारी मागतेय.

पेठेतला: काकी, तुमचं पटतंय. पण नॅट जे शोधायला सांगाल तेवढंच शोधणार. प्लेटलेट पाच दिवस 20 ते 24 अंशांवर हलत पडलेल्या असतात, त्यात बॅक्टेरिया वाढले तर नॅट काय करणार?

लॅबवाली: हा मुद्दा मान्य. डेंगीच्या सीझनला प्लेटलेटची पळापळ असते, तेव्हा तर जास्तच. पण मला एक सांग, शिबिरातल्या फॉर्मवर ‘कावीळ झाली होती का’ पुढं पन्नास पोरांच्या ‘नाही’वर एकाच हाताची टिक कशी काय असते?

पेठेतला: ...फॉर्म भरायला मीच बसलो होतो ताई.