कोटेशन, दरपत्रक, देकार, निविदा की प्रस्ताव?

प्रश्न (पावस, रत्नागिरी)

नमस्कार. आमचा हापूस बागायतदारांचा छोटा गट आहे. येत्या हंगामाआधी एक डझनाच्या पुठ्ठ्याच्या पेटीचं नवं डिझाइन आणि थेट विक्रीसाठी वेबसाइट करून घ्यायची आहे. काही डिझाइनवाल्यांना पत्र पाठवायचं ठरलं आणि मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं, ‘कृपया कोटेशन पाठवावे.’ गटातले एक काका म्हणाले, कोटेशन सिमेंट-पत्र्याचं मागवतात, इथे ‘निविदा’ लिही. दुसऱ्यांना निविदा म्हटलं की बांधकाम खात्याची जाहिरात आठवते. ‘देकार’ हा शब्द मी बँकेच्या जप्तीच्या नोटिशीत वाचला आहे. आणि ‘प्रस्ताव’ म्हणजे ग्रामपंचायतीने वर पाठवायचा आणि मग वाट बघत बसायचा कागद, असंच आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. यांत खरा फरक काय, आणि आमच्या पत्रात कोणता शब्द बसेल?

उत्तर (चिपळूण)

ताई, मी छपाई आणि डिझाइनच्या धंद्यात आहे, म्हणजे तुमचं पत्र ज्यांच्या हातात पडणार त्यांतलाच एक. त्या बाजूने सांगतो.

कोटेशन आणि दरपत्रक व्यवहारात एकच. वस्तू ठरलेली, मापं ठरलेली, फक्त भाव कळवायचा. ‘फाइव्ह प्लाय (पाच थरांच्या पुठ्ठ्याची) पेटी, मापं सोबत जोडल्याप्रमाणे, दोन रंगांत छपाई, नग इतके, पोच पावस’ एवढं तुम्ही लिहिलंत की पेटीवाला चहा पिता पिता भाव काढून देतो. अंदाजपत्रक थोडं निराळं. त्यात काम किती निघेल याचा हिशेब असतो, आणि भिंत उकरल्यावर आत काय निघतं त्यावर तो आकडा हलू शकतो, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

देकार म्हणजे देऊ केलेली रक्कम किंवा देऊ केलेलं काम. हा शब्द दोन्हीकडून चालतो. बँक जप्त केलेलं घर विकताना घेणाऱ्यांकडून देकार मागवते, तसाच कोणी काम करून देण्याचाही देकार देऊ शकतो. शब्द चांगला आहे, पण बोलण्यात फारसा नाही. तुमच्या पत्रात तो आला तर निम्मे लोक फोन करून अर्थ विचारतील.

निविदेत भावापेक्षा पद्धत महत्त्वाची. अटी सगळ्यांना सारख्या, शेवटची तारीख एकच, पाकिटं मोहोरबंद आणि ती सगळ्यांच्या समोर एकदम उघडायची. सरकारी कामात बऱ्याचदा लिफाफे दोन असतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात आणि त्यात जे बसले त्यांचाच दराचा लिफाफा फोडतात. बयाणा रक्कम (निविदा भरणाऱ्याने आधी ठेवायची अनामत), निविदापूर्व बैठक, शुद्धिपत्रक, कार्यारंभ आदेश हे सगळे त्याच घरचे शब्द. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये निविदा भरायला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावेत, बयाणा अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असावा आणि ज्यांना काम मिळालं नाही त्यांचा बयाणा काम दिल्यापासून ३० दिवसांच्या आत परत जावा, असं लिहून ठेवलं आहे. खाजगी गटाला हे नियम लागू नाहीत. पण ते वाचलेत तर मागवणाऱ्यावरही किती बंधनं असतात ते कळेल.

एक कायद्याची गोष्ट इथेच सांगतो, कारण शब्दांचा घोळ तिथूनच सुरू होतो. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे निविदेची जाहिरात हा प्रस्ताव नसतो, ते फक्त प्रस्ताव द्यायचं आमंत्रण असतं. भरून आलेली निविदा हा प्रस्ताव. तो तुम्ही स्वीकारलात की करार. तुमचा स्वीकार त्याला रवाना होईपर्यंत तो आपला प्रस्ताव मागे घेऊ शकतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत कोटेशनवालाही प्रस्तावच देत असतो. रोजच्या भाषेत मात्र आपण प्रस्ताव म्हणतो तेव्हा आकड्यापेक्षा बरंच जास्त मागत असतो, आणि माझा सगळा जीव या शेवटच्या शब्दात आहे.

तुमच्या पेटीचंच बघा. एका डझनाची पेटी म्हटलं तरी फळ २०० ग्रॅमचं की ३०० ग्रॅमचं, यावर तिचं माप बदलतं. वाऱ्यासाठी भोकं हवीत, नाहीतर आतली ऊब वाढून फळ वाटेतच पिकून मऊ होतं. भोकं जास्त पाडली की पुठ्ठ्याची भिंत कमजोर होते आणि टेंपोत थरावर थर लावले की खालची पेटी बसते. भाताचा पेंढा घालणार की कागदाच्या पट्ट्या, हे ठरल्याशिवाय आतली उंची काढता येत नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते पेटीवर छापायचं तर बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. म्हणजे तुमच्यातल्या कोणाकोणाची नोंदणी आहे हे डिझाइनवाल्याला विचारावं लागणार. हे सगळं बघून कोणी दोन नमुने कापून, चिकटवून, तुमचा आंबा भरून बघितला तर त्याचं निम्मं काम झालंच की! ते त्याने फुकट केलं, काम मिळेल या आशेवर. ‘कोटेशन पाठवा, सोबत दोन-तीन डिझाइन जोडा’ असं एका ओळीत लिहिलेलं पत्र आम्हाला नेहमी येतं. त्यात मागणी प्रस्तावाची असते आणि शब्द कोटेशनचा.

म्हणून माझं मत असं. भाव हवा असेल तर ‘दरपत्रक’ लिहा. विचार हवा असेल तर ‘प्रस्ताव’ लिहा, आणि मग प्रस्ताव मागणाऱ्याने जे पाळायला हवं ते पाळा. किती जणांना पत्र गेलं आहे ते पत्रातच सांगा. चौघांना विचारलंत तर प्रत्येक जण मन लावून करेल. वीस जणांना विचारलंत तर जे चांगलं काम करतात तेच आधी गळतील, कारण त्यांच्याकडे हातात कामं असतात. निवड कशावर करणार तेही लिहा, दरावर किती आणि कामावर किती. एकाने शंका विचारली तर उत्तर सगळ्यांना जाऊ दे. आणि ज्यांना काम देणार नाही त्यांना दोन ओळी कळवा.

उत्तर (मालवण)

वर सगळं आलंय, मी एकाच शब्दाची भर घालतो, तो म्हणजे ‘सपोर्टिंग कोटेशन’. आमच्याकडे न्याहारी-निवासवाल्यांना सोलरची किंवा बोटीच्या इंजिनाची फाइल करायची असली की तीन कोटेशनं लागतात. मग ज्याला काम द्यायचं ठरलेलं असतं तोच आणखी दोघांच्या लेटरहेडवर चढे दर लिहून आणतो. हे इतकं रुळलं आहे की लोक तोंडावर म्हणतात, ‘सपोर्टिंग तुम्हीच आणा.’ शब्द साधा वाटतो, पण ती खोटी स्पर्धा आहे. ठेकेदार आपसात ठरवून दर भरतात त्याला ‘रिंग’ म्हणतात. निविदेतलं असं संगनमत स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली येतं. ताई, तुमचं कोणाला द्यायचं ते आधीच ठरलं असेल तर सरळ त्याच्याशी बोला. बाकीच्यांना कागद भरायला लावू नका.

प्रश्नकर्ती (पावस)

नाही हो, ठरलेलं काही नाही, म्हणून तर विचारतेय. आमच्यातले काही जण म्हणतात बजेट सांगायचं नाही, सांगितलं की सगळे बरोबर तेवढ्यावरच येतात. आणि पहिल्याचा दर दुसऱ्याला सांगून खाली आणायचा, तो तर व्यवहारच आहे, असंही म्हणणं आहे. आंब्याच्या धंद्यात भाव करणं कोणाला चुकलंय?

उत्तर (हर्णै, दापोली)

आंबा आणि मासळी दोन्ही बघितलीय, म्हणून सांगतो. आमच्या बंदरावर मासळीचा लिलाव उघडा होतो. टोपलीभोवती उभे असलेले सगळे प्रत्येक बोली ऐकतात, चढवायची की सोडायची ते ज्याचं तो ठरवतो. लिलाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, आणि खाली गोव्यात त्यालाच पावणी म्हणतात. आंब्याच्या बाजारात मात्र वर्षानुवर्षं रुमालाखाली बोटं धरून सौदे झाले. बागायतदार शेजारी उभा असला तरी त्याला भाव कळत नसे.

निविदाही झाकलेली असते, पण ती पाकीट फुटेपर्यंत. नंतर सगळं उघड. एकाचा दर दुसऱ्याच्या कानात सांगून तोडायचा, हे रुमालाखालचंच काम झालं. लिलाव करायचा तर सगळ्यांना बोलावून उघड करा, आणि आधीच सांगा की हा लिलाव आहे. झाकलेले दर मागवून मागून त्यांचाच लिलाव करू नका.

उत्तर (चिपळूण)

हर्णैकरांशी पूर्ण सहमत. भाव करायला कोणाचीच ना नाही. ज्याची निवड केलीत त्याच्याशी बसून करा. ‘दर थोडे जास्त आहेत, यातलं काय कमी करता येईल?’ असं विचारलंत तर तो एक रंग कमी करेल किंवा वेबसाइटचं एखादं पान पुढच्या वर्षावर ढकलेल. दुसऱ्याचा आकडा दाखवून तोडलेला दर मात्र कुठेतरी वसूल होतो, बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या दर्जात.

बजेटचं म्हणाल तर सांगाच. आकडा नको असेल तर ‘पासून-पर्यंत’ सांगा. वेबसाइट हा शब्द फार ऐसपैस आहे. चार पानांची माहितीही वेबसाइट, आणि पैसे भरून, पिनकोडवरून पोच तपासून पेटी बुक होते तीही वेबसाइट. बजेट न सांगता मागवलेल्या प्रस्तावांत तुम्हाला या दोन्ही टोकांचे कागद येतील आणि त्यांची तुलनाच करता येणार नाही. सगळे तेवढ्यावरच आले तर उलट बरं. मग तेवढ्याच पैशांत कोण जास्त नीट काम करतो, एवढंच बघायचं राहतं.

नमुन्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे काढलेल्या चित्राचा पहिला मालक साधारणपणे ते काढणारा, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. प्रस्तावासोबत आलेलं डिझाइन तुमच्या टेबलावर आहे म्हणून ते तुमचं होत नाही. इथल्याच एका पर्यटन-निवासासाठी आम्ही फलकांचे आराखडे काढून दिले होते. उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात रस्त्यावर तेच फलक उभे होते, बाणाच्या टोकाशी काढलेल्या सुरूच्या झाडासकट, रंगवले होते दुसऱ्याच कोणीतरी. त्या झाडासाठी आमच्या मुलीने, म्हणजे आमच्याकडे काम शिकायला आलेल्या मुलीने, कितीतरी कागद फाडले होते. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. तेव्हा नमुने हवेतच असतील तर शेवटच्या दोघांकडूनच मागवा आणि त्याचे थोडे का होईना, पैसे द्या. आमच्या धंद्यात त्याला ‘नमुना मानधन’ म्हटलेलं मी ऐकलं आहे. शब्द अजून रुळायचा आहे, पण रुळावा असं मनापासून वाटतं.

आणि सरकारी जाहिरातींतलं ते वाक्य, ‘कोणतेही कारण न देता निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे’, ते तुमच्या पत्रात उचलू नका. सरकारलाही त्या वाक्याआड वाटेल तसं वागता येत नाही. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून रमणा दयाराम शेट्टी खटला झाला. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की सरकारी संस्थेने पात्रतेची अट जाहीर केली की ती अट त्या संस्थेलाही बांधील असते. तुम्ही सरकार नाही, तुमच्यावर ते बंधन नाही. पण कारण देता येत असेल तर का देऊ नये? ‘तुमची पेटी आवडली, पण वाहतुकीसकट परवडत नाही’ एवढं वाचून माणूस पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्यासाठी उभा राहतो.

प्रश्नकर्ती (पावस)

सगळ्यांचे आभार. गटात वाचून दाखवलं. निविदावाले काकाच आता म्हणतात प्रस्तावच लिही. मसुदा असा केला आहे:

‘आमच्या गटास एक डझन हापूसच्या पेटीचे डिझाइन व विक्रीची वेबसाइट करून घ्यावयाची आहे. यासाठी चार विक्रेत्यांकडून प्रस्ताव मागवत आहोत. तूर्त डिझाइन जोडू नये. कामाची पद्धत, आधीची कामे, लागणारा वेळ व दर कळवावेत. खर्चाची मर्यादा सोबत दिली आहे. निवडताना कामाचा विचार आधी व दराचा नंतर होईल. शेवटच्या दोघांना नमुन्यासाठी मानधन दिले जाईल. निवड न झालेल्यांचे नमुने वापरले जाणार नाहीत. निर्णय प्रत्येकास लेखी कळवू.’

उत्तर (चिपळूण)

फार छान झालंय. दोनच दुरुस्त्या. ‘पैसे कधी’ हे राहिलं, ते घाला. समोरचा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असतानाही ४५ दिवसांच्या पुढे थांबता येत नाही, आणि करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. दुसरं, ‘विक्रेत्यांकडून’ काढा. व्हेंडरचं भाषांतर म्हणून तो शब्द सगळीकडे घुसला आहे, पण या व्यवहारात विक्रेते तुम्ही आहात, आंब्याचे. पेटी पुरवणारा पुरवठादार, आणि डिझाइन-वेबसाइट करणारे ते व्यावसायिक. ‘चार व्यावसायिकांकडून’ लिहा आणि पाठवून द्या, हंगाम जवळ आला.