मदत हवी आहे: परसातला बांबूचा बाक पावसाळ्यात टिकावा म्हणून काय करावं?

धानपट्टा: गडचिरोली जिल्ह्यात आहे. पाच फुटी बाक करायचा आहे, बांबूच्या मानवेल आणि कटांग या दोन्ही जाती मिळतात. जुन्या बाकातून पिवळं पीठ गळतं, पाय मातीपाशी कुजले, खिळ्यांजवळ बांबू उभा चिरला. नुसतं वार्निश मारून भागेल का?

कमची: नाही भागणार, भाऊ. पीठ पाडतो तो घुण. तो बांबूतल्या स्टार्चवर जगतो आणि वार्निश वरच राहतं. पायांना मानवेल घ्या, जवळजवळ भरीव असतो. तोडणीसाठी अमावास्या बघण्यापेक्षा बांबूचं वय आणि महिना बघा: तीन वर्षांच्या वरचा, दसऱ्यानंतर ते जानेवारीपर्यंत तोडलेला. कोवळा किंवा पावसाळ्यात तोडलेला नकोच.

तुकडे आधी मापात कापा. प्रत्येक पेरात बारीक भोक पाडा, नाहीतर घुणाचं औषध आत जात नाही. खड्ड्यात ताडपत्री अंथरून २०० लिटर पाण्यात ६ किलो बोरॅक्स (टाकणखार) आणि ४ किलो बोरिक ॲसिड घाला. दोन्ही आधी गरम पाण्यात विरघळवा. बांबू तरंगतो, वर दगड ठेवा. दहा दिवस बुडवून मग महिनाभर सावलीत सुकवा. आपल्याकडच्या उन्हात टाकलात तर तडकणारच. उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा गुरं पितील तिथे ओतू नका.

रंधा: खिळा अजिबात नको. ड्रिलने भोक पाडून ८ मिमीचा नटबोल्ट, दोन्हीकडे रुंद वायसर. भोक आणि उघडं टोक यांच्यामध्ये एक गाठ हवीच, तीच चीर अडवते. पायाचं वरचं टोक गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही. औषधाची भोकं खालच्या बाजूला येऊ द्या. बैठकीच्या कामट्यांत बोटभर फट, साल वर. पाय मातीत गाडू नका, फरशीवर किंवा दगडावर ठेवा. उधईही लांब राहते.

धानपट्टा: मग वरून जवसाचं तेल चालेल?

कमची: बोरॅक्स पावसात धुऊन जातो, म्हणून वरचा थर लागतोच. उघड्यावर बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग बरं, तेलावर बुरशी धरते. सालीवर रंग बसत नाही, आधी पॉलिशपेपरने हलकं घासा. कापलेल्या टोकांना तीन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं. दरवर्षी मृगाच्या आधी एक हात. तेलच लावणार असाल तर तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेते, पसरून वाळवा.

रंधा: आणि जुन्या बाकाचे घुण लागलेले तुकडे नव्या मालाशेजारी ठेवू नका, चुलीत घाला.